टीव्हीची स्पर्धा की नागपुरातलं स्टेज? गाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी

ऑडिशनची जाहिरात आली की नागपुरातल्या गाण्याच्या क्लासेसमध्ये एकच चर्चा सुरू होते: पोट्टीला पाठवायचं की नाही? एकीकडे टीव्हीवरची स्पर्धा, मुंबईचा मुक्काम आणि कॉलेजचं एक वर्ष पणाला. दुसरीकडे इथलीच वाट: क्लास, शास्त्रीय संगीताची विशारद परीक्षा, ऑर्केस्ट्रा, वसंतराव देशपांडे सभागृहातले कार्यक्रम आणि जोडीला यूट्यूब. माझं मत आधीच सांगून टाकतो. टीव्हीमुळे लोक ओळखायला लागतात, पण ओळखल्यावर त्यांना काय ऐकवायचं ही तयारी घरूनच घेऊन जावी लागते. ती नसेल तर थांबलेलं बरं.

विदर्भाला टीव्हीनं काहीच दिलं नाही असं नाही. हिंगणघाटची वैशाली माडे मराठी ‘सा रे ग म प’ जिंकली, मग 2009 मध्ये हिंदीतलं ‘सा रे ग म प चॅलेंज’ही जिंकली आणि 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’त श्रेया घोषालसोबत ‘पिंगा’ गायली. मुंबईत कुणी ओळखीचं नसताना हे दार टीव्हीशिवाय उघडलं असतं असं मला वाटत नाही. नागपुरात जन्मलेली आर्या आंबेकर 2008-09 च्या मराठी ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’मुळे घराघरात पोचली. त्या पर्वाची विजेती कार्तिकी गायकवाड, पण लोकांच्या लक्षात अंतिम फेरीतले पाचही जण राहिले आणि 2021 मध्ये तेच पाच जण त्याच कार्यक्रमात परीक्षणाला बसले.

तेव्हा पहिल्या नंबरचा हट्ट सोडूनच द्या. 2005 च्या ‘फेम गुरुकुल’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून अरिजित सिंग बाहेर पडला, जिंकले काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी. अरिजितनं पुढे संगीतकारांच्या हाताखाली म्युझिक प्रोग्रॅमिंग केलं, प्रीतमकडे काम केलं, आणि ज्यानं त्याचं नाव झालं तो ‘आशिकी 2’ सिनेमा आला थेट 2013 साली. मधली ही आठ वर्षं कुठल्याही प्रोमोमध्ये दिसत नाहीत. नेहा कक्कर ‘इंडियन आयडॉल’च्या दुसऱ्या पर्वातून बाहेर पडली आणि काही वर्षांनी त्याच शोची परीक्षक झाली. उलट बाजूला, जिंकून वर्षभर गाजलेले आणि नंतर कुठे दिसले नाहीत असे किती, ते तुम्हीच आठवून बघा.

ऑडिशन म्हणजे नेमकं काय असतं, हे पोरांना आधी सांगत जा. फॉर्म भरा, छातीवर नंबर चिकटवा, तासन्‌तास रांगेत उभे राहा. पहिल्या फेरीला टीव्हीवर दिसणारे परीक्षक बहुधा नसतातच, निर्मितीच्या टीममधली माणसं असतात. तानपुरा नाही, ट्रॅक नाही. एक मुखडा आणि नशीब असेल तर अंतरा. पट्टी आपली आपण धरायची. घाबरलेलं पोर नेहमीपेक्षा दोन सूर वर सुरू करतं आणि अंतऱ्याला गळा चिरकतो, की संपलं. शिवाय गळ्याइतकीच घरच्या कहाणीचीही चौकशी होते. वडील रिक्षा चालवतात का, आईनं दागिने मोडले का. ज्यांना हे नकोसं वाटतं त्यांनी तिथे नाही म्हणायची तयारी ठेवावी. नंतर टीव्हीवर बघून रडण्यात अर्थ नाही.

आता इथलं बघू. ऑर्केस्ट्रात गायलेल्या पोरांना एक गोष्ट येते जी स्टुडिओत कधीच येत नाही. पट्टी पांढरी दोन ठरलेली असताना कीबोर्डवाला काळी दोनवर सुरू होतो, स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून स्वतःचा आवाज येत नाही, समोर पाहुणे पुरणपोळीवर तूप वाढून घेताहेत, तरी गायचं. असे कार्यक्रम करत राहिलं की गळ्याला भीती राहत नाही. मानधन थोडं, पण गणपती-नवरात्रात सलग. टीव्हीवर गाजलेल्या गायकांचंही खरं उत्पन्न शेवटी स्टेजवरूनच येतं, हे लक्षात असू द्या. फक्त त्यांचा आकडा मोठा असतो.

या वाटेचा दोषही मोठाच आहे. ऑर्केस्ट्रात तुम्ही ‘लताजींचा आवाज’ किंवा ‘किशोरचा आवाज’ होता आणि दहा वर्षांनी तेच राहता. कराओके क्लबमध्ये तर हे आणखी लवकर होतं. तिथली वाहवा गोड असते आणि घातक असते. क्लासचंही सांगतो: विशारदचा कागद हातात आला म्हणजे गायक झालो असं समजणारे सीताबर्डीपासून प्रतापनगरपर्यंत पुष्कळ आहेत.

यूट्यूबवर सिनेमातल्या गाण्याचं कव्हर, म्हणजे तेच गाणं आपल्या आवाजात, टाकलं की जाहिरातीचा पैसा साधारणतः म्युझिक कंपनीकडे वळतो. मराठी पोरं मग सुरेश भटांच्या गझलांना नव्या चाली लावतात. कल्पना चांगली, पण भट 2003 मध्ये गेले आणि आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो, म्हणजे 2063 अखेरपर्यंत परवानगी हवी. तुकोबांच्या अभंगाला चाल लावा, कुणी विचारणार नाही. त्याहून चांगलं म्हणजे गावातला एखादा कवी गाठा. नागपुरात कवींना काय तोटा?

पॉप संगीताचं या सगळ्यात काय झालं, यावर मी जरा चिडूनच बोलतो. 1995 मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं तेव्हा बाजारात सिनेमाबाहेरचे अल्बमही जोरात होते. पुढे स्पर्धांचा अभ्यासक्रमच सिनेमातली जुनी गाणी झाला. 2005 मध्ये अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला, त्याचा अल्बम गाजला, आणि वाटलं होतं की आता दर वर्षी एक पॉप गायक निघेल. निघाले ते उत्तम नक्कल करणारे, वरच्या सुरात लांब तान ठोकणारे, टाळ्यांसाठी प्रत्येक ओळीत मुरकी टाकणारे. हळू, कुजबुजल्यासारखं गाणारा आवाज या मंचावर टिकतच नाही, कारण पूर्ण गाणं कापून दोन-तीन मिनिटांत सगळं दाखवायचं असतं. गावोगावचे तयार गळे यामुळे संगीतकारांना सापडू लागले, हे मात्र मान्य. पण एकाच गाण्यासाठी चार-पाच जणांचे आवाज भरून घ्यायचे आणि एक ठेवायचा, ही पद्धत बोकाळली तीही गळे स्वस्त झाल्यामुळेच, असं माझं मत आहे.

मग पाठवायचं कुणाला? दहा-बारा वर्षांच्या लेकराला पाठवायच्या मी विरोधात आहे. मुलगा असेल तर तेरा-पंधराच्या सुमारास आवाज फुटणार, म्हणजे ज्या आवाजावर लोक भाळले तो आवाजच राहत नाही, आणि शाळेत सगळे ‘टीव्हीवाला’ म्हणून बघतात. दहावी-बारावीच्या वर्षात तर विषयच काढू नका. वीस-बावीसची मुलगी असेल, विशारदच्या आधीची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली असेल, ऑर्केस्ट्रात दोन हंगाम गायली असेल आणि स्वतःची निदान चार गाणी तयार असतील, तर खुशाल विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसवा. अभिजात संगीताकडेच ओढा असेल तर टीव्हीच्या नादी न लागता गुरूकडे राहावं आणि आकाशवाणीचं ऑडिशन द्यावं. ते लोक मुखड्यावर निकाल लावत नाहीत.

निवड झालीच, तर सही करण्याआधी करार एखाद्या वकिलाला दाखवा. किती महिने दुसरीकडे गाता येणार नाही, शो संपल्यावरच्या कार्यक्रमांच्या पैशातला वाटा कुणाचा, आणि तिथे गायलेल्या स्वतःच्या गाण्याचे हक्क कुणाकडे राहतील, हे तीन प्रश्न विचारायचे. उत्तर तोंडी देत असतील तर लेखी मागायचं.