आधी सिनेमा की आधी भटकंती?

मुलांना सिनेमा दाखवायचा आणि त्याला जोडून कुठंतरी हिंडवूनही आणायचं, हे आमच्या घरी सुरू झालं त्याला आता तीन वर्षं होत आली. शुक्रवारी जेवणं लवकर उरकतात, दिवाणावरच्या गाद्या खाली येतात, दिवे मालवतात आणि चौघं मिळून एक सिनेमा बघतो. महिना-दीड महिन्यातून एकदा त्या सिनेमाशी नातं असलेल्या एखाद्या जागी जाऊन येतो. हे करावं की नाही, असा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी फार कुणाला पडला असेल असं वाटत नाही. गाडी अडते ती क्रमावर. आधी सिनेमा आणि मग जागा, की आधी जागा आणि मग सिनेमा?

मी दोन्ही करून पाहिलं आहे. थोरली आता अकरा वर्षांची आहे आणि धाकटा आठचा, त्यामुळे पुढचं सगळं या दोघांपुरतं खरं आहे. तुमच्या घरी वेगळं घडू शकेल.

सुरुवात सगळेजण करतात तशीच आम्हीही केली, आधी सिनेमा. त्याचे फायदे खरे आहेत आणि ते मी कमी लेखणार नाही. सिनेमा पाहिलेलं मूल सहलीच्या दिवशी पहाटे पाचला हाक न मारता उठतं. चढाला कुरकुर करत नाही. मोबाईल मागत नाही. ज्या घरात मुलांना सोफ्यावरून उठवणं हीच मोठी लढाई आहे, त्या घरात आधी सिनेमा दाखवणं हा उत्तम उपाय आहे. आमच्याही घरी पहिलं वर्षभर तो कामाला आला. नव्या जागेला बुजणाऱ्या मुलांनाही याने धीर येतो, जागा थोडी ओळखीची होते.

मग आम्ही रायगडला गेलो.

आदल्या शुक्रवारी ‘हिरकणी’ लावला होता. प्रसाद ओक यांचा, 2019 सालचा. गोष्ट तुम्हाला माहीतच आहे: कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, अंधारात कडा उतरणारी आई, आणि नंतर त्या कड्यावर महाराजांनी बांधलेला बुरूज. थोरलीने डोळ्याची पापणी न लववता सगळा सिनेमा पाहिला. धाकटा मात्र मध्यंतराच्या आधीच आईच्या मांडीवर झोपून गेला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, याचा सिनेमा हुकला म्हणून.

रविवारी रोपवेने वर गेलो. रोपवे जिथून सुटतो त्या वाडीचं नावच हिरकणीवाडी, हे कळल्यावर थोरलीला राहवेना. वर पोचल्यापासून तिचं एकच चाललं होतं, बुरूज कुठाय, बुरूज कुठाय. म्हणून आधी तिकडेच गेलो. बुरुजाच्या आतल्या अंगाला उभं राहून तिने खाली पाहिलं. खाली दरी, कोवळं ऊन, चहूकडे माणसं, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बाबा, सिनेमात तर असं नव्हतं.”

हेच ते वाक्य. आधी सिनेमा दाखवायच्या पद्धतीत मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे हे वाक्य, आणि माझ्यापुरता निकाल त्यानेच लावला. सिनेमात रात्र होती, वारा होता, संगीत होतं, जीव घाबरवणारी उंची होती. हे सगळं कॅमेऱ्याने निवडून, कापून, जोडून तिच्यासमोर ठेवलं होतं. खरा कडा तितकाच भयंकर आहे, किंबहुना जास्तच, पण सकाळी दहाच्या उन्हात तो आपणहून अंगावर येत नाही. त्याच्याकडे थांबून बघावं लागतं. आणि तिच्या डोळ्यांत दुसरं चित्र आधीच घर करून बसलं होतं, त्यामुळे ती समोरचा कडा बघतच नव्हती, सिनेमातल्याशी ताडून पाहत होती. त्या ताडण्यात खरा रायगड हरला. रायगडासारखी जागा माझ्या मुलीच्या डोळ्यांदेखत हरते आहे, हे मला फार लागलं.

तिथून पुढे दिवसभर ती बरोबर चालत होती खरी, पण तिची सहल बुरुजावरच संपली होती. तिच्या दृष्टीने पाहायला आलेली गोष्ट पाहून झाली होती.

आणि धाकटा? त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, त्यामुळे त्याला सगळंच दिसलं. बाजारपेठेतल्या दुकानांचे ओटे एवढे उंच का, असं त्याने विचारलं. घोड्यावर बसल्या बसल्या खरेदी करता यावी म्हणून, असं तिथले वाटाडे सांगतात, ते मी सांगितलं. तर तो माझ्या खांद्यावर बसून उंची जुळते का ते बघायला लागला. नगारखान्यापाशी मी उभा राहिलो आणि तो सिंहासनाच्या जागेकडून काहीतरी पुटपुटला. एवढ्या अंतरावर ते मला ऐकू आलं याचं त्याला इतकं नवल वाटलं, की आम्ही जागा बदलून तोच खेळ पाच-सहा वेळा केला. शेवटी मागे लोक ताटकळले म्हणून हललो. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवरचं ‘सेवेचे ठायी तत्पर’ त्याने बोट फिरवत अक्षर अक्षर लावून वाचलं. हे कुणी लिहिलं, तर गड बांधणाऱ्या हिरोजींनी. मग पायरीवरच का, भिंतीवर का नाही? देवळात येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडावा म्हणून, असं मी म्हटलं. तो पायरी ओलांडून आत गेला, तिच्यावर पाय दिला नाही.

एकाच दिवशी, एकाच गडावर, एकाच आई-बापाबरोबर दोन मुलं गेली होती. एकाने सिनेमा पाहिलेला, दुसऱ्याने नाही. याला मोजमाप म्हणता येणार नाही, थोरली आणि धाकट्याच्या स्वभावातही फरक आहे, हे मला मान्य आहे. तरी परतीच्या वाटेवर मी याच विचारात होतो.

पंधरवड्याने धाकट्याला उरलेला ‘हिरकणी’ दाखवला. दरवाजे बंद होतात त्या प्रसंगाला त्याने सिनेमा थांबवायला लावला. “पण कड्याच्या बाजूला भिंत का नाही बांधली?” कडाच भिंत होता, तिथून कुणी येऊ-जाऊ शकणार नाही अशी खात्री होती, असं मी सांगितलं. “म्हणजे ती जिथून उतरली तिथून उतरता येतं हे महाराजांनाच माहीत नव्हतं!” बुरूज नंतर का बांधला याचं उत्तर त्याने स्वतःच काढलं. जागा पायाखालून गेली नसती तर त्याला हा प्रश्न सुचला असता, असं मला वाटत नाही. आणि गंमत म्हणजे या वेळी थोरलीही पुन्हा बसली आणि म्हणाली, “इथून आपण खाली बघितलं होतं ना, तेव्हा मला एवढं कळलंच नव्हतं.”

तेव्हापासून आमचा क्रम उलटला.

उलट्या क्रमाची पहिली खरी कसोटी लागली ती दिवाळीच्या सुट्टीत. बेल्ह्याचा बैलबाजार सोमवारी भरतो. आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागलं की गाव येतं. मुलांना फक्त एवढं सांगितलं, की बैल बघायला जातोय. बाजारात शिरताना दोघंही माझे हात घट्ट धरून होती. तासाभराने मला त्यांना शोधावं लागत होतं. रंगवलेली शिंगं, नव्या वेसणी, ओळीने बांधलेल्या जोड्या. एका आजोबांनी धाकट्याला बैलाचे दात मोजून वय कसं ओळखायचं ते दाखवलं, दोन दाती, चार दाती, जुळलेला. रुमालाखाली दोन माणसांचे हात, बोटांनीच चाललेला सौदा, तोंडातून एक शब्द नाही. थोरली हे बराच वेळ बघत राहिली. मग एक म्हातारा शेतकरी दिसला, बैल विकून झाला तरी त्याच्या पाठीवरचा हात न काढणारा. त्याच्याबद्दल आम्ही कुणीच काही बोललो नाही.

त्या शुक्रवारी ‘टिंग्या’ लावला. मंगेश हाडवळे यांचा, 2008 सालचा, जुन्नरकडच्याच बोलीतला. जायबंदी झालेला चितंग्या बैल, तो विकायला निघालेला बाप आणि विकू न देणारा पोरगा. बोली अवघड जाईल अशी मला धास्ती होती, पण चार दिवसांपूर्वी बाजारात तीच कानावरून गेली होती. आजारी आजीवर उपचार करता, मग बैलावर का नाही, या टिंग्याच्या प्रश्नाला थोरली माझ्याकडे वळून म्हणाली, “त्या आजोबांना पण कुणी असं विचारलं असेल का?” मला उत्तर देता आलं नाही. बापाचं कर्ज, पेरणी, दावणीला पोसायचा एक अधू बैल, यातलं थोडंफार समजावलं. राज्यात 2015 पासून बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, तेव्हा आजची अडचण वेगळ्या तऱ्हेची आहे, हेही सांगावं लागलं. साडेअकरा वाजले. असा सिनेमा आम्ही त्याआधी कधी पाहिला नव्हता.

या क्रमाला तोटे नाहीत असं नाही. मुलांना निघताना ओढ नसते, आणि ती उणीव आई-बापाला भरून काढावी लागते. वाटेत दही-थालीपीठ, एखादी नदी, मामेभाऊ सोबत, काहीतरी लागतं. शिवाय जागेवर माहिती सांगायची जबाबदारी तुमच्यावर येते, सिनेमाने ती आधी उचललेली नसते. मी आदल्या रात्री थोडं वाचून जातो, आणि विचारल्याशिवाय सांगत नाही.

दुसऱ्या बाजूला एक अगदी साधा व्यवहार आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कुठलाही बेत पावसाच्या हातात असतो. सिनेमा दाखवून झाला आणि घाटात दरड पडली म्हणून जाणं रद्द झालं, तर मुलांची समजूत काढताना नाकीनऊ येतात. जाऊन आल्यावर मात्र सिनेमा कधीही लावता येतो. फक्त फार लांबवू नये. आमच्या अनुभवात चौथ्या दिवसापासून दहा-बारा दिवसांपर्यंत ठीक, त्यानंतर जागा मनात निवते. आणि त्याच रात्री तर मुळीच नको. दापोलीहून आल्या दिवशीच आम्ही ‘श्यामची आई’ लावला होता. 1953 सालचा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला, आचार्य अत्र्यांचा. सकाळी पालगडला साने गुरुजींचं घर पाहिलं होतं, आदल्या संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव. दोन्ही मुलं नावं संपायच्या आत झोपली. आठवड्याने पुन्हा लावला तेव्हा मात्र कृष्णधवल असूनही शेवटपर्यंत बसली. कोकणातलं घर म्हणजे काय, ओटी कुठे, विहीर कुठे, हे डोळ्यांना ठाऊक झालेलं होतं.

एका ठिकाणी मात्र मी अजूनही आधी सिनेमाच दाखवेन. जिथे गोष्ट एखाद्या जागेची नसून काहीतरी घडवण्याची असते, तिथे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, म्हणजे दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला त्याची गोष्ट, आम्ही आधी पाहिला आणि ते बरोबर ठरलं. त्या सिनेमासाठी भांडवल उभं करायला फाळक्यांनी वाटाण्याचा वेल वाढताना रोज थोडा थोडा चित्रित केला होता, ‘अंकुराची वाढ’, 1912 साली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने कुंडीत वाटाणे पेरले. मोबाईल एका डब्याला टेकवून रोज आठ वाजता एक फोटो. कुंडी हलवायची नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. तीन आठवड्यांचे फोटो जोडले तर काही सेकंदांचाच सिनेमा झाला, पण त्यात वेल खरोखर वर चढत होता. त्यानंतर मुंबईत पेडर रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गेलो, गुलशन महलच्या त्या जुन्या वास्तूत. तिथल्या कॅमेऱ्यांपुढे मुलं अशी उभी राहिली जशी सुतार दुसऱ्याची हत्यारं बघतो. इथे “सिनेमात तर असं नव्हतं” हे वाक्य उमटलंच नाही, कारण ताडून बघायला दुसरं चित्र नव्हतं, स्वतःच्या हातचं काम होतं.

म्हणून कुणी मला विचारलंच तर मी असं सांगतो. मूल घराबाहेर पडायलाच तयार नसेल, तर पहिल्या दोन-तीन वेळा सिनेमा आधी दाखवा, काही बिघडत नाही. कारागिरीचा, शोधाचा, एखादी वस्तू बनवण्याचा विषय असेल तरी आधीच दाखवा. पण किल्ला, गाव, बाजार, समुद्र, देऊळ अशी जागाच जर मुख्य असेल, तर ती मुलांच्या डोळ्यांना कोरी मिळू द्या. निदान एकदा करून पाहा.

आमचा पुढचा बेत फेब्रुवारीअखेरीचा आहे. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. 28 तारखेच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली असते. मुलांना एवढंच सांगितलंय, की खूप मोठ्या छत्र्या बघायला जायचंय. त्यानंतरच्या शुक्रवारी कुठला सिनेमा लावायचा ते मी आणि बायकोने ठरवलं आहे. थोरली रोज विचारते, आम्ही सांगत नाही.