गेमच्या क्लासना नावं शोधताय? ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय गाठा

पाच पैकी पाच स्टार, आणि कारण जरा वेगळं आहे म्हणून नीट लिहितोय. आम्ही काही मित्र घरच्या घरी एक मराठी फँटसी रोलप्लेइंग गेम बनवतोय, नकाशा झाला, नियम बरेचसे झाले, पण कॅरेक्टर क्लासची, म्हणजे खेळणारा ज्या प्रकारचं पात्र घेतो त्या प्रकारांची, नावं काही केल्या जमत नव्हती. योद्धा, जादूगार, चोर ही चालतात हो, पण ऐकून काय खेळायचं ते सुचत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच रोलप्लेइंग गेम १९७४ ला आला तेव्हा त्यातही तीनच क्लास होते, फायटिंग मॅन, मॅजिक युजर आणि क्लेरिक (देवाच्या शक्तीने जखमा बऱ्या करणारा), चोर तर पुढच्या वर्षी आला, म्हणजे थोडक्यात भागतं, फक्त नाव नेमकं हवं.

संग्रहालय १८९३ पासूनचं आहे. तिथे फँटसी मागू नका, सरळ बखरी मागा. काउंटरवरच्या ताईंना म्हटलं शिवकाळातले लष्करी हुद्दे हवेत, त्यांनी कशाला वगैरे न विचारता सभासदाची बखर हातात दिली, आणि मग मी उठलोच नाही. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो, हे वाचल्यावर दोन क्लास नियमांसकट तयार झाले ना! शिलेदाराला घोडा पहिल्या लेव्हलपासून, पण मेला तर खर्च त्याचा, बारगिराला दुसरा मिळतो पण हुकूम मोडता येत नाही. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा) असायचा, तर नालबंद आमचा सपोर्ट क्लास झाला, तो नसेल तर लांबच्या मोहिमेत घोडे लंगडतात. आमच्या टेबलावर सध्या सगळ्यांना तोच हवाय.

पैसे घेऊन लढणाऱ्यासाठी गारदी ठेवलाय. नारायणरावांचा खून आपल्याकडे शाळेपासून माहीत असतो, त्यामुळे खेळणाऱ्यांच्या गटात गारदी आला की बाकीचे आपोआप सावध होतात, त्यासाठी वेगळा नियम लिहावाच लागला नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. गोंधळी, वासुदेव, वैदू ही नावं फार मोहात पाडतात, पण ती खऱ्या माणसांची, समाजांची ओळख आहे, आणि क्लास ही खेळणाऱ्याने निवडायची गोष्ट, जन्माने मिळणारी नाही, म्हणून ती आम्ही घेतली नाहीत. गाणाऱ्यासाठी शाहीर घेतला, तो कोणीही होऊ शकतो. जादूवाल्याला मांत्रिक, गुप्त खबरा काढणाऱ्याला हेर, हे दोन पटकन ठरले.

क्लेरिक अजून अडलाय. पुजारी म्हटलं की कोणी घेतच नाही, आणि वैद्य म्हटलं तर देवाचा भाग सुटतो. त्यासाठी आता संतचरित्रांचं कपाट बघणार आहे, तोवर कोणाला चांगलं नाव सुचलं तर नक्की सांगा.