वैद्य आणि डॉक्टर एकाच केंद्रात: कंबरदुखीवरील तीन महिन्यांच्या उपचारांचा अनुभव

सहा महिने रेंगाळलेल्या कंबरदुखीसाठी मी ज्या केंद्रात गेले, तेथे आयुर्वेदाचे वैद्य आणि अस्थिरोगतज्ज्ञ असे दोघेही रुग्णाला तपासतात व दोघांची टिपणे एकाच केसपेपरवर असतात, असे सांगितले जाते. पारंपरिक चिकित्सा श्रेष्ठ की आधुनिक, या वादात मला पडायचे नव्हते. दोन्हींचा लाभ एका ठिकाणी मिळत असेल तर घ्यावा, एवढाच हेतू होता.

पहिल्या भेटीत वैद्यांनी मला पाऊण तास दिला. त्यांनी नाडी पाहिली, झोप, पचन, बसण्याची पद्धत, कामाचा ताण, दुखणे कोणत्या वेळी बळावते, हे सारे विचारले आणि मुख्य म्हणजे मी बोलत असताना मध्ये तोडले नाही. डॉक्टरांकडची तपासणी मात्र जेमतेम आठ मिनिटांत आटोपली. पाय बधिर होतो का, लघवीवरचा ताबा सुटतो का, ताप येतो का, कारण नसताना वजन घटले का, पूर्वी कर्करोग झाला होता का, असे तुटक प्रश्न. मग गुडघ्यावर हातोडी, उताणे झोपवून पाय सरळ वर उचलणे, आणि ‘एमआरआयची गरज नाही’ असा निर्णय. त्या दिवशी मला डॉक्टर तुसडे वाटले. हे मत पुढे बदलावे लागले, कारण ते प्रश्न मणक्यातील गाठ, जंतुसंसर्ग किंवा नसांवरील गंभीर दाब यांचा संशय घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी असतात, आणि त्यांतील काहींचे उत्तर ‘हो’ आले असते तर मर्दनात घालवलेला प्रत्येक आठवडा मला भोवला असता. आपुलकीच्या त्या पाऊण तासात यांतला एकही प्रश्न आला नव्हता.

तरीही तो पाऊण तास वाया गेला, असे मी म्हणणार नाही. २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या आतड्यांच्या जुनाट विकारावरील एका चाचणीत २६२ रुग्णांचे तीन गट केले होते: पहिला नुसताच प्रतीक्षायादीवर, दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या सुयांचे खोटे ॲक्युपंक्चर, तर तिसऱ्याला तेच खोटे ॲक्युपंक्चर, पण आस्थेने बोलणाऱ्या चिकित्सकाकडून. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. आधुनिक दवाखान्यांनी ऐकून घेण्याचे काम जवळजवळ सोडून दिले, ते या केंद्रात जिवंत आहे.

उपचारांत दोन्ही बाजूंचा फारसा विरोध नव्हता. वैद्यांनी तेलाचे मर्दन, शेक आणि काही आसने सांगितली. डॉक्टरांनी चालणे, पाठीचे व्यायाम आणि पाच दिवसांपुरत्या वेदनाशामक गोळ्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही जुनाट कंबरदुखीत औषधांआधी व्यायाम, योग यांसारखे उपाय करून पाहण्यास सांगतात. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मी तासभर सलग बसू शकत होते. श्रेय कोणाचे, हे सांगता येणार नाही. काही कंबरदुखी नुसत्या काळानेही कमी होते.

माझी खरी तक्रार चूर्णाबद्दल आहे. पुडीवर केवळ ‘चूर्ण क्र. ४’ असे लिहिलेले होते. घटक विचारले, तेव्हा ‘नैसर्गिक आहे, अपाय होत नाही’ असे उत्तर मिळाले. मी रक्तदाबाची गोळी घेते, हे केसपेपरवर पहिल्याच दिवशी नोंदवलेले होते. तिसऱ्या आठवड्यात रक्तदाब चढा आढळला, तेव्हा पुन्हा खोदून विचारल्यावर कळले की चूर्णात ज्येष्ठमध आहे. ज्येष्ठमध अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातील पोटॅशियम घटू शकते, ही जुनी आणि सर्वमान्य माहिती आहे. माझ्या बाबतीत कारण तेच होते असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण चूर्ण थांबवल्यावर आकडे खाली आले. डॉक्टरांना या चूर्णाची कल्पनाच नव्हती. एकच केसपेपर होता, पण तो वाचत कोणीच नव्हते.

वेदनाशामक गोळ्या निर्धोक आहेत असे नाही; त्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांनाही इजा पोहोचू शकते. परंतु हे सारे पाकिटातल्या कागदावर छापलेले असते. याउलट, २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. औषध वनस्पतीपासून केलेले असण्यात कमीपणा नाही; मलेरियावरील आर्टेमिसिनिन जुन्या चिनी वनौषधीतूनच आले आणि त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ चे नोबेल मिळाले, मात्र ते घटक वेगळा काढून, मात्रा ठरवून, रुग्णांवर तपासल्यानंतर.

मर्दन, आसने आणि वैद्यांच्या चौकशीसाठी मी या केंद्राला पाचपैकी चार गुण देईन, औषधविभागाला एक. घटक लिहून देण्याची विनंती मी लेखी केली होती आणि ‘लवकरच सुरू करतो’ असे आश्वासन मिळाले होते. शेवटच्या भेटीत शेजारी बसलेल्या रुग्णाच्या हातातल्या पुडीवर ‘चूर्ण क्र. ७’ एवढेच लिहिलेले होते.