वाढत्या अंगाचा कोट नको: पीकोटसोबतचे सहा महिने

लहानपणी आपले कपडे वाढत्या अंगाचे घेतले जायचे, आणि ती सवय मोठेपणीही जात नाही. मिलिटरी पद्धतीचा पीकोट, म्हणजे खलाशांचा जाड लोकरीचा आखूड कोट, घेताना मीही नेमकं तेच केलं. आत जाड स्वेटर घालायचा आहे, थोडा मोठाच बरा, असा विचार केला. आवडत्या शर्टाची छाती टेपने मोजली तर ४४ इंच भरली, म्हणून ४४ नंबर मागवला. तो आला आणि आरशासमोर उभा राहिलो, तर थोरल्या भावाचा कोट घालून लग्नाला निघालेला धाकटा दिसला. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाहीत बोटं बुडालेली.

चूक साधी होती. या कोटावरचा नंबर कोटाची छाती सांगत नाही, माणसाची सांगतो. ४० म्हणजे ज्याच्या अंगाची छाती ४० इंच आहे त्याचा कोट. आत कपडे घालण्यासाठीची ढील कापतानाच धरलेली असते. सध्या माझ्याकडे असलेला ४० नंबरचा कोट बटणं लावून सपाट अंथरला तर एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत साडेएकवीस इंच, म्हणजे पूर्ण घेर ४३ भरतो. मी शर्टाच्या मापात शर्टाची ढील मोजली आणि कोटाने तिच्यावर स्वतःची चढवली. टेप अंगावर लावायचा, बगलेखालून, श्वास रोखून न धरता. नंबरापुढचं अक्षर उंचीचं असतं: एस आखूड, आर नेहमीचा, एल लांब. फॅशनच्या दुकानांतल्या स्मॉल-मीडियमला मात्र हा हिशोब लावू नका. तिथे सपाट अंथरलेल्या कोटाची मापं मागून घ्यावीत.

४४ परत गेला, ४० आला. पहिल्या दिवशी वाटलं, आता फारच तंग झाला. पण तो तंगपणा मापाचा नव्हता, कापडाचा होता. अमेरिकी नौदलाचे जुने पीकोट केर्सी नावाच्या घट्ट विणीच्या लोकरीचे असत. हे कापड एका वारामागे (यार्डामागे) ३० ते ३२ औंस, म्हणजे किलोला थोडंसंच कमी. नंतरच्या काळात मऊ मेल्टन लोकर आली. माझा जुन्या पद्धतीचा आहे, त्यामुळे सुरुवातीला कोपर वाकवलं तर पुठ्ठा वाकवल्यासारखं वाटायचं. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोपराच्या आत आणि बगलेपाशी घड्या पडल्या आणि कोट माझ्या हातांच्या हालचाली शिकला. खांदा मात्र तसूभरही हलला नाही, तो हलतही नाही. म्हणून घेताना सगळ्यात आधी खांदा बघा, असंच मी आता सगळ्यांना सांगतो. या कोटात सुटासारखं जाड पॅडिंग नसतं. खांद्याचं हाड संपतं तिथेच शिवण यायला हवी. छाती, बाही, बटणं यांचं पुढे काही ना काही करता येतं. खांदा उसवून बसवणं म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवणं, आणि चांगला टेलर ते काम बहुधा घेतच नाही.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतात त्या बगलेच्या गोलाबद्दल, मात्र माझी समजूत पार उलटी निघाली. मुंढा खोल असेल तर हात मोकळा राहील असं वाटतं ना? ४४ नंबरात मुंढा ऐसपैस होता, आणि वरच्या कप्प्यातलं काही काढायला हात उंचावला की अख्खा कोट कानापर्यंत वर यायचा. ४० चा मुंढा बगलेला लागून आहे. हात वर गेला तर बाही तेवढी जाते, कोट जागच्या जागी. दोरखंड ओढायचे, शिड्या चढायच्या, अशा माणसांसाठीच हा कपडा केलेला, आणि कंबरेखाली थोडंसंच उतरणारी आखूड उंचीही त्याचमुळे. तो ओव्हरकोटासारखा लांब असावा अशी अपेक्षा असेल तर हा कोट तुमच्यासाठी नाही.

अंगात घालून बघताना सगळी बटणं लावा, आत हिवाळ्यात खरोखर घालणार तो स्वेटर ठेवा, आणि दोन्ही हात पुढे करून कुणाला मिठी मारल्यासारखं करा. पाठीवर आडवा ताण आला पण टाके कुरकुरले नाहीत, तर ठीक. बटणाखाली सपाट तळवा सहज गेला पाहिजे. मूठ गेली तर कोट मोठा. खालच्या बटणाभोवती फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर घेर कंबरेखाली कमी पडतोय. मग छाती कितीही बरोबर असो, बसताना त्रास होणारच.

आता माझ्या दोन फजित्या. कोटाच्या पाठीमागे खालच्या बाजूला असलेला कट पहिला आठवडाभर उघडतच नव्हता. खुर्चीवर बसलो की कोट खालून दाटायचा आणि कॉलर मानेवर चढायची. माप चुकलं म्हणून परत पाठवायच्या बेतात होतो. शेवटी घरात कुणीतरी मागून बघितलं आणि हसू लागलं. कटावर जाड दोऱ्याची फुली तशीच होती. ती प्रवासात कट विस्कटू नये म्हणून घातलेली असते, घरी आणल्यावर कापायची असते. दुसरी फजिती आतल्या बटणाची. डबल-ब्रेस्टेड कोटाची एक बाजू दुसरीखाली जाते, आणि आतली बाजू धरून ठेवायला आत एक लपलेलं बटण असतं. ते मी लावतच नव्हतो. आतला पल्ला खाली लोंबायचा, समोरून कोट तिरका दिसायचा, आणि मी टेलरला सांगत होतो की खालची दुमड वाकडी आहे. त्याने न बोलता ते बटण लावलं. दुमड सरळ होती.

टेलरकडे खरोखर दोनच कामं झाली. बाही पाऊण इंच आखूड केली. मनगटाला बटणं-काजं नसल्याने खालून दुमडणं सोपं. हात खाली सोडल्यावर बाहीने मनगटाचं हाड झाकावं आणि अंगठ्याच्या मुळाशी थांबावं, एवढंच धरलं. दुसरं, छातीला किंचित ढील वाटत होती म्हणून बटणं अर्धा इंच सरकवली. एक इंच सरकवा म्हणालो तर त्याने नकार दिला: दोन्ही रांगा मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर राहिल्या नाहीत तर लगेच डोळ्यांत खुपतं. बाजूच्या शिवणी आत घ्यायलाही फारसा वाव नाही, कारण उभे खिसे जवळच आहेत. शिवण आत घेतली की खिसा पाठीकडे सरकतो. उंचीला तर हातच लावू नका, खिसे आणि खालचं बटण यांचं प्रमाण बिघडतं.

सहा महिन्यांनंतरच्या तक्रारीही आहेत. एका खांद्यावर बॅग लटकवायची सवय असेल तर तिथे लोकरीच्या गोळ्या येतात. माझ्या उजव्या खांद्यावर आल्यात, ब्रशने निम्म्याच गेल्या. कॉलर उभी करून गळ्याखालचं बटण लावलं की वारा खरंच अडतो, पण मफलर नसेल तर हनुवटी खरवडते. वजन जाणवतं, आणि पाऊस लागला की आणखी. लोकर आतून ओली वाटू न देता बरंच पाणी पिते, मग वाळायला दीड दिवस घेते. हीटरजवळ टांगू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर, खिसे रिकामे करून, सावलीत. बारीक तारेच्या हँगरने माझ्या कोटाच्या खांद्याला आठवड्यात टोक आणलं होतं, ते वाफेने बसवावं लागलं. ड्रायक्लीनला सहा महिन्यांत एकदाच दिला, एरवी ब्रश पुरतो.

बहुतेक वेळ गाडी चालवण्यात जात असेल तर घेण्याआधी एकदा स्टिअरिंगवर बसून बघा. सीटबेल्ट आडवा आला की डबल पल्ल्याचा जाडपणा पोटावर गोळा होतो आणि खालची दोन बटणं उघडावीच लागतात. मी तर आता दाराशीच उघडतो.