शिकवणीच्या पैशातून ग्रोथ शेअर: डीमॅट खात्याच्या वापरानंतरचा अनुभव

मी छत्रपती संभाजीनगरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर अंबड तालुक्यात, शेती कोरडवाहू, पिके कापूस आणि सोयाबीन. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मी एका डिस्काउंट ब्रोकरकडे, म्हणजे कमी दलालीत व्यवहार करून देणाऱ्या दलालाकडे, डीमॅट खाते (शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याचे खाते) उघडले आणि दहावीच्या मुलांच्या शिकवण्यांतून खर्च वजा जाता जे उरते, त्यातून दर महिन्याला थोडे थोडे शेअर घेत आले. ब्रोकरचे नाव देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते अॅपच्या रंगरूपाबद्दल नसून लहान रक्कम आणि ग्रोथ शेअर (वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांचे शेअर) यांच्या जोडीबद्दल आहे, आणि ते कोणत्याही ब्रोकरकडे जवळपास तसेच लागू पडते.

खाते उघडण्यासाठी वय १८ पूर्ण, पॅन, आधार, स्वतःचे बँक खाते आणि सहीचा फोटो एवढे पुरते. गावाकडच्या मुलामुलींना अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. आधारला मोबाइल नंबर बहुधा वडिलांचा जोडलेला असतो, ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि ते त्या वेळी शेतात असतात. आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्यावा, मग बाकीचे काम घरबसल्या होते.

वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला होता: "ब्रोकर बुडाला तर आपले पैसे कुठे शोधायचे?" आमच्या भागात मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरे आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी रास्त वाटला आणि उत्तर मिळेपर्यंत मी एक रुपयाही भरला नाही. उत्तर असे आहे की विकत घेतलेले शेअर ब्रोकरकडे राहत नाहीत. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोनपैकी एका डिपॉझिटरीत, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेत, आपल्या नावावर जमा होतात. डिपॉझिटरी ईमेलवर थेट विवरणपत्र पाठवते, त्यात ब्रोकरचा हात नसतो. ब्रोकरच्या अॅपवर दिसणारी संख्या आणि या विवरणपत्रातली संख्या मी प्रत्येक वेळी ताडून पाहते आणि वडिलांनाही दाखवते. या तक्त्याने त्यांचा जेवढा विश्वास बसला, तेवढा माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणाने बसला नव्हता.

आता शुल्काविषयी, कारण लहान गुंतवणूकदाराला सर्वांत जास्त हेच समजून घ्यावे लागते. 'ब्रोकरेज शून्य' ही जाहिरात माझ्या खात्यापुरती खरी निघाली, पण खर्च शून्य होत नाही. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या, खरेदीवर आणि विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी (रोखे व्यवहार कर) लागतो, खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क लागते, आणि याशिवाय एक्स्चेंजचे किरकोळ शुल्क व त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. हे सगळे टक्केवारीत असल्याने लहान रकमेवर लहानच राहते. डीपी शुल्क, म्हणजे खात्यातून शेअर बाहेर काढण्याचे शुल्क, मात्र तसे नाही. शेअर विकला की प्रत्येक कंपनीमागे त्या दिवसाचे एक ठरावीक शुल्क कापले जाते, मग तुम्ही एक शेअर विका की हजार. माझ्याकडे ते जीएसटी धरून पंधरा ते वीस रुपयांच्या दरम्यान पडते. लाखाची विक्री करणाऱ्याला ते जाणवणारही नाही, पण तीनशे रुपयांचा एक शेअर विकणाऱ्या विद्यार्थ्याचे पाच-सहा टक्के तिथेच जातात. म्हणून दोन हजारांच्या गुंतवणुकीत 'थोडा नफा दिसला की काढून घ्या' हा सल्ला हिशेबातच बसत नाही. घ्यायचे ते वर्षानुवर्षे ठेवण्यासाठीच घ्यावे, असे मी ठरवले ते तत्त्वापेक्षा या आकड्यामुळे.

वार्षिक देखभाल शुल्काबाबत चांगली गोष्ट अशी की १ सप्टेंबर २०२४ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, मूलभूत सेवा डीमॅट खात्याची मर्यादा वाढवली असून चार लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीला हे शुल्क लागत नाही. अट एवढीच की आपल्या नावावर एकच डीमॅट खाते असावे. मित्रमैत्रिणी प्रत्येक नव्या अॅपच्या बक्षिसासाठी नवे खाते उघडतात आणि ही सवलत घालवून बसतात.

मी खाते उघडले तेव्हा बाजार शिखरावर होता. २७ सप्टेंबर २०२४ रोजी निफ्टीने (५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने) २६,२७७ पर्यंत मजल मारली आणि तिथून घसरत ७ एप्रिल २०२५ रोजी तो २१,७४३ पर्यंत आला, म्हणजे सुमारे १७ टक्के खाली. लहान आणि मध्यम कंपन्यांची, विशेषतः ज्यांना आपण ग्रोथ शेअर म्हणतो त्यांची पडझड याहून मोठी होती. माझे खाते कित्येक महिने लाल दिसत राहिले. या काळात मी काही विकले नाही, कारण विकण्याची गरज नव्हती.

ग्रोथ शेअर म्हणजे ज्या कंपनीची विक्री आणि नफा बाजाराच्या सरासरीपेक्षा वेगाने वाढतो, आणि म्हणून ज्याची किंमत आजच्या नफ्याच्या चाळीस, साठ, कधी शंभर पटही असते. ही पट, म्हणजे पीई, हाच या शेअरचा धोका आहे, आणि तो मला डिक्सन या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या निकालाने नीट समजला. जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीने डिसेंबर तिमाहीचा निकाल जाहीर केला. नफा आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक होता, तरी दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १४ टक्के पडला. माझ्याकडे तो नव्हता. एकाच शेअरला पंधरा हजारांहून अधिक रुपये लागत होते आणि आपल्याकडे शेअरचा तुकडा विकत घेता येत नाही. पण मी वहीत हिशेब मांडून पाहिला. एखाद्या कंपनीचा प्रति शेअर नफा एक रुपया आहे आणि पीई ६०, तर भाव ६० रुपये. वर्षभरात नफा २५ टक्के वाढून सव्वा रुपया झाला, पण लोकांचा उत्साह ओसरून पीई ४० वर आला, तर भाव ५० होतो. कंपनीने तिचे काम चोख केले आणि गुंतवणूकदाराचे सतरा टक्के गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच वाढ झाली तर भाव साडेबासष्ट होईल, म्हणजे दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मूळ रकमेवर जेमतेम चार टक्के. हे गणित अकरावी-बारावीच्या मुलालाही जमेल, पण कोणत्याही रीलमध्ये मला ते दिसले नाही.

कंपन्या समजून घेण्यासाठी मला लांब जावे लागले नाही. माझे मामा वाळूजच्या एमआयडीसीत कामाला आहेत, आणि वाळूजभोवती वाढलेल्या दोन कंपन्या बाजारात नोंदलेल्या आहेत: एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक. एकीचे प्रमुख अनुरंग जैन आणि दुसरीचे तरंग जैन, दोघे जुळे भाऊ. दोन्ही कंपन्या वाहनांचे सुटे भाग करतात आणि दोघींची वाढ बजाज ऑटोच्या आधाराने झाली. एन्ड्युरन्सचा शेअर ऑक्टोबर २०१६ मध्ये ४७२ रुपयांना विक्रीस आला आणि आज तो त्याच्या कित्येक पट आहे. व्हॅरॉकचा जून २०१८ मध्ये ९६७ रुपयांना आला, मार्च २०२० च्या पडझडीत तो त्या किमतीच्या एक-पंचमांशाहून खाली गेला आणि २०२५ मध्येही मूळ किमतीच्या खालीच होता. व्हॅरॉकने २०१२ मध्ये परदेशातील दिव्यांचा मोठा व्यवसाय विकत घेतला होता. त्याने विक्री फुगली, पण पुढे तोटा आणि कर्जही वाढले, आणि २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतील तो व्यवसाय विकावा लागला. वाढ दोघींचीही दिसत होती. फरक होता तो त्या वाढीसाठी किती कर्ज काढले आणि नफ्याची रोकड खरोखर हातात आली का, यात. तेव्हापासून मी विक्रीच्या वाढीआधी रोख प्रवाहाचे पान उघडते, मग कर्ज, आणि मग प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, शेअर तारण ठेवले आहेत का ते. एन्ड्युरन्सचे मोजके शेअर माझ्याकडे आहेत, हे वाचकाने लक्षात ठेवावे. ते घ्या असे मी कोणालाही सांगत नाही.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी विचार करावा तो पैसा कधी लागेल याचा. सोयाबीन काढणीला आले की आवक वाढते, भाव पडतो, आणि देणी असलेल्या शेतकऱ्याला त्याच भावात विकावे लागते. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना कित्येकांनी त्याहून बऱ्याच कमी भावाने माल दिला. ज्याच्याकडे थांबण्याची ऐपत आहे, त्यालाच भाव मिळतो. शेअरचेही तसेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये ज्याला परीक्षेचे शुल्क किंवा मेसचे पैसे शेअर विकून भरायचे होते, त्याच्यासाठी घसरण कायमची ठरली. त्यामुळे दोन सत्रांचे शुल्क, खोलीचे भाडे आणि जूनमध्ये बियाण्या-खतासाठी घरी द्यावे लागतील असे पैसे मी बँकेतच ठेवते. उरलेल्यातूनच शेअर घेते, आणि मे-जूनमध्ये बहुतेक काहीच घेत नाही.

वसतिगृहात टिप्स देणारे ग्रुप जोरात चालतात. सल्ला देणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर लावलेल्या सौद्यांच्या, नादाला लागलेली मुले पाहून मला मनापासून वाईट वाटते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाल्याचे म्हटले आहे आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक आहे. माझ्या खात्यात हा विभाग मी सुरूच केलेला नाही.

कराची भीती मात्र अनाठायी आहे. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे, वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आणि त्यापुढे साडेबारा टक्के. पण ज्या निवासी विद्यार्थ्याला दुसरे उत्पन्न फारसे नाही, त्याचा नफा मूळ करमुक्त मर्यादेतच सामावतो. तोटा पुढच्या आठ वर्षांपर्यंत ओढायचा असेल तर प्राप्तिकर विवरणपत्र मुदतीत भरावे लागते.

यापुढे मी खाते चालूच ठेवणार आहे, फक्त वाटणी बदलली आहे. महिन्याच्या रकमेचा अर्ध्याहून मोठा भाग आता निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे त्या पन्नास कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, जातो. तिथे युनिट दशांशात मिळतात, त्यामुळे पाचशे रुपयेही पूर्ण गुंतवता येतात, आणि थेट फंड कंपनीकडून घेतल्यास काढताना डीपी शुल्क लागत नाही. उरलेल्या भागात चार-पाच कंपन्या आहेत. जितक्यांचे तिमाही निकाल अभ्यास सांभाळून वाचून होतात, तितक्याच.