बटरवर्टचं रोप: अडीच वर्षं चालवून बघितल्यावर

चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली. दुरुस्त झालेलं घड्याळ आठवडाभर टेबलावर चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा माझा नियम होता. म्हणून पार्सल उघडल्या उघडल्या तारे देणाऱ्यांतला मी नाही. हे रोप अडीच वर्षं चालवलं आणि आता लिहायला बसलो.

घेतलं ते चिलटांसाठी. हिच्या कुंड्यांतल्या ओल्या मातीतून बारीक काळी चिलटं निघायची आणि नेमकी माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली यायची. चिमट्यात हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग, धरलेली आणि चिलट थेट भिंगात. रोपं टपालाने पाठवणाऱ्या एका विक्रेत्याच्या जाहिरातीत वाचलं, "घरातले सगळे कीटक फस्त करणारी वनस्पती". लगेच मागवलं.

"सगळे कीटक" ही थाप आहे. घरमाशी याच्या चिकट पानावर बसते, पाय सोडवून घेते आणि निघून जाते. डास चुकून एखादा. झुरळाचं तर नावच काढू नका. पण कुंडीतली चिलटं आणि पिकल्या फळांवर घोंघावणारी केमरं, यांच्यासाठी मात्र हे पान म्हणजे शेवटचा मुक्काम. एका संध्याकाळी भिंग लावून मोजली, तर बोटभर लांबीच्या एका पानावर एकतीस.

पान दिसायला साधं, फिकट पोपटी, लोण्याचा हात फिरवल्यासारखं तुकतुकीत. नावही त्यावरूनच आलं. याचं शास्त्रीय नाव पिंग्विक्युला, हा शब्द चरबी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून बनलेला आहे. भिंगातून बघितलं की तुकतुकी नाहीशी होते आणि तिच्या जागी हजारो बारीक खुंट्या दिसतात, प्रत्येकीच्या डोक्यावर चिकाचा एकेक थेंब. माझ्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पिव्हटला, म्हणजे चाकाच्या आसाच्या टोकाला, तेलाचा एक थेंब, ना कमी ना जास्त. चिलट या थेंबांत अडकतं. खुंट्यांच्या मध्ये पानाला चिकटून बसलेल्या बिनदेठाच्या ग्रंथी असतात, त्या पाचक रस सोडतात आणि चिलटाचं जे काही विरघळेल ते पान पिऊन टाकतं. उरतात पंख आणि कवच. डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवरच्या १८७५ सालच्या पुस्तकात या झाडाला एक अख्खं प्रकरण दिलंय. त्याच्याकडच्या जातीच्या पानांच्या कडा भक्ष्यावर हळूहळू आत वळायच्या. मी तासन्‌तास डोळे लावून बसलो, माझ्या पानाने काही हालचाल दाखवली नाही. आपल्याला सीतेची आसवं माहीत असतात ना, ती नाजूक जांभळी फुलं, ती याच कुळातली. तीही कीटकच खातात. सौजन्याच्या मुखवट्याचं घराणं आहे.

आता पार्सलबद्दल. रोप ओल्या शेवाळात गुंडाळून डबीत घातलेलं होतं, मुळं ठीक, पण वाटेत सहा पानं निखळलेली. मी तक्रारीचं खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तेही दोनच ओळींचं: पानं टाकू नका, पांढरं बूड ओल्या वाळूला टेकवून ठेवा. मला वाटलं, पैसे परत द्यायचे नाहीत म्हणून ही पळवाट. तरीही चिमट्याने उचलून ठेवली. मधूनच तुटलेली दोन पानं सडली. बुडासकट निघालेल्या चारांच्या टोकाशी तीन आठवड्यांत मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक अख्खं रोप, तितक्याच नेटक्या पानांच्या चक्राचं. खरमरीत पत्राबद्दल मी नंतर दिलगिरी कळवली.

पण त्याच पार्सलमध्ये एक छापील कार्ड होतं, त्याबद्दल दिलगिरी नाही. कार्डावर वाक्य: "कुंडी बारा महिने पाण्याच्या ताटलीत ठेवावी." ते काही कीटकभक्षी झाडांना लागू असेलही. माझं रोप पिंग्विक्युला मोरॅनेन्सिस, मूळ मेक्सिकोचं. तिथल्या अनेक जाती चुनखडीच्या किंवा जिप्समच्या कड्यांवर, खडकांवरच्या शेवाळात वाढतात. वर्षातले काही महिने तिथे पाऊस नसतो, आणि त्या काळासाठी झाड आपलं रूपच बदलतं. मोठी चिकट पानं जातात, त्यांच्या जागी बारीक, जाडसर, बिनचिकाच्या पानांचा घट्ट गड्डा बसतो. त्या दिवसांत हे शिकारही करत नाही.

मला हे कुठे माहीत होतं? पहिल्या थंडीत पानं लहान व्हायला लागली तशी मला वाटलं, झाड खंगतंय. ही म्हणाली, "अहो, हे आता माझ्या निवडुंगासारखं दिसायला लागलंय. निवडुंगाला कुणी एवढं पाणी पाजतं का?" मी कार्ड दाखवलं. छापलेलं आहे म्हणजे बरोबर असणार, असं मानण्यात माझं आयुष्य गेलंय. ताटली भरत राहिलो. दोन महिन्यांनी गड्ड्याचा मधला भाग तपकिरी झाला, बोट लावलं तर अख्खा गड्डा मुळांवरून सुटून हातात आला. या कार्डाला एकही तारा नाही. सगळ्या झाडांना एकच कार्ड छापणं म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाला आणि मनगटी घड्याळाला एकच किल्ली देण्यासारखं आहे.

वाचली ती तुटक्या पानांची पोरं. ती वेगळ्या डबीत होती, आणि तिथे पाणी घालायला मी विसरायचो.

त्या पोरांवर पुढचं सगळं शिकलो. मिश्रण पर्लाइटचे हलके पांढरे दाणे, धुतलेली जाड वाळू आणि थोडं पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ. शेणखत, गांडूळखत, बागेतली माती काहीही नाही. खताने याची मुळं जळतात, जेवण पानांतून होतं. कोकोपीट स्वस्तात मिळतं पण त्यात मीठ राहिलेलं असू शकतं, मी त्या फंदात पडलो नाही. पाण्यासाठी टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्या, अंदाजाने काम करू नका. माझ्या नळाच्या पाण्याचा आकडा ३४० निघाला, आरओच्या पाण्याचा २८. पन्नासच्या आत असेल तर निश्चिंत. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. मोठ्या पानांच्या दिवसांत ताटलीत सेंटिमीटरभर पाणी, संपलं की एक दिवस कोरडं, मग पुन्हा. पानं बारीक व्हायला लागली की ताटली काढून घ्यायची, आठ-दहा दिवसांनी कडेने दोन-तीन चमचे, बस. पानांवर किंवा मधोमध पाणी ओतायचं नाही, चीक धुऊन जातो आणि गाभ्यात कूज धरते.

उजेडाबाबतीत माझी चैन होती, कामाच्या टेबलावरचा एलईडी दिवा दिवसाचे बारा तास चालूच असतो. त्याच्या वीतभर खाली ठेवल्यावर पानांच्या कडांना गुलाबी झाक आली. खिडकीत ठेवणार असाल तर सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं ऊन काचेतून पडलं की पानं करपतात.

आणि मग फूल, जे जाहिरातीत कुठेही नव्हतं.

दुसऱ्या थंडीच्या शेवटी बारीक गड्ड्याच्या मधून एक केसाळ दांडी वर आली, मान खाली घातलेल्या कळीसकट. रोज मिलिमीटरची पट्टी लावायचो. अकरा सेंटिमीटरवर थांबली, कळीने मान वर केली आणि उघडली. रंग जांभळट गुलाबी, कंठाशी पांढरा, वर दोन पाकळ्या, खाली तीन, आणि पाठीमागे सुईसारखी लांब शेपटी, जिला शुंडिका म्हणतात. उघडल्यावरही दोन-तीन दिवस फूल मोठं होत राहिलं. सोळा दिवस टिकलं. दांडी एवढी उंच का, ते खालची पानं बघितली की कळतं: वर आलेल्या पाहुण्याने फुलाचं काम करून जावं, खाली पंगतीत वाढला जाऊ नये. वास मात्र नाही. मला तरी आला नाही, हिला येतो म्हणते.

घरात परागीभवन करणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच बसलो. घड्याळातली छिद्रं साफ करायची पेगवूडची काडी टोकदार तासली, डोळ्याला भिंग लावलं. फुलाच्या तोंडाशी स्त्रीकेसराची एक छोटी झडप लोंबते, परागकोश तिच्या मागे दडलेले असतात. आत जाणारा कीटक झडपेच्या बाहेरच्या बाजूला आधीच्या फुलाचे पराग लावतो आणि बाहेर पडताना नवे घेऊन जातो. काडीने झडप उचलून मागचे पिवळे कण टिपायचे आणि झडपेच्या पुढच्या बाजूला चोपडायचे. पहिल्या फुलाची झडप मी फाडली. दुसऱ्यावर जमलं. बोंड फुगलं, सुकलं आणि बी निघालं, तंबाखूच्या चिमटीहूनही बारीक. कागदावर घेतलं होतं, पंखा चालू होता. निम्मं तिथेच उडालं.

हे कुणासाठी नाही, तेही सांगतो. डासांवर उपाय हवा असेल तर जाळी लावा. आठवडाभर गावाला गेलं तर काय, असा प्रश्न असेल तर चिंता नको, मोठ्या पानांच्या दिवसांत ताटली भरून जा, बारीक पानांच्या दिवसांत तेही नको. पण विकत घेताना जात विचारून घ्या. युरोपातल्या ग्रँडिफ्लोरा किंवा व्हल्गारिससारख्या जाती थंडीत पूर्ण मिटून कळीएवढ्या होतात आणि तेव्हा त्यांना खरोखरच कडाक्याचा गारवा लागतो. उबदार घरात त्या झुरतात. "बटरवर्ट, मिश्र" असं नुसतं लिहिलेलं असेल तर घेऊ नका. मोरॅनेन्सिस, एसेरियाना किंवा त्यांचे संकर मागा.

एक किरकोळ त्रास: फुलाच्या कोवळ्या दांडीवर मावा धरतो. किडे खाणाऱ्या झाडाला किड लागते हे बघून नात खो-खो हसली. ओल्या कापसाने पुसून काढला.

रोपाला पाच तारे, पॅकिंगला तीन, विक्रेत्याच्या उत्तराला पाच, कार्डाला शून्य. पुन्हा मागवायची वेळ येणार नाही. सध्या दिव्याखाली चौदा रोपं आहेत, त्यांतल्या तिघांना कळी आहे, आणि चिलटं जवळजवळ संपली आहेत. हिने आपल्या कुंड्यांना पाणी थोडं जास्त घालायला सुरुवात केलीय. विचारलं तर म्हणते, "मग त्यांनी खायचं काय?"