कॅपच्या आत काय आहे ते मी बघितलंच नाही

नोव्हेंबर २०२३. दिवाळीतली भाजणीची चकली चावताना तोंडात कच्चकन वाजलं. चकलीचाच कडक तुकडा असेल म्हणून जिभेने पुढे ढकलला, तर हातात आला तो दाढेवरच्या कॅपचा टवका. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघितलं. टवका उडाला होता तिथे काळपट धातू चमकत होता.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. धातूवर पांढरी पोर्सेलिन चढवलेल्या कॅप कितीतरी जणांच्या तोंडात असतात आणि त्या वर्षानुवर्षं चालतात. पण मी पैसे मोजले होते झिरकोनियाचे. झिरकोनिया म्हणजे धातूऐवजी कॅपसाठी वापरतात तो चिनीमातीसारखा कडक पदार्थ, आतून-बाहेरून पांढरा असतो. त्याच्या पोटातून काळं निघायचं कारणच नाही.

सुरुवात झाली जुलै २०२२ मध्ये, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या मोफत दंततपासणी शिबिरात. पेनाएवढा कॅमेरा तोंडात घालून शिबिरवाले आपले दात समोरच्या पडद्यावर दाखवत होते. स्वतःचा दात ताटाएवढा झालेला कधी बघितलाय? त्या आकारात चहाचा डागसुद्धा विहिरीसारखा दिसतो. माझ्या उजवीकडच्या खालच्या एका दाढेत खरोखर कीड होती, गार पाणी लागलं की कळ जायची. पण शिबिरातून उठले तेव्हा माझ्या कार्डावर तीन दाढांभोवती लाल गोल होते. सासूबाईंच्या कार्डावर पाच. त्यांनी त्या कार्डाच्या पाठीवर वाणसामानाची यादी लिहिली आणि त्या अजूनही त्याच दातांनी शेंगदाणे खातात. मी मात्र शहाणी, दुसऱ्याच दिवशी शिबिरवाल्यांच्या क्लिनिकमध्ये हजर.

तिथे सांगितलं की तिन्ही दाढांची कीड आतल्या नसेपर्यंत गेली आहे. तीन रूट कॅनाल, तीन कॅप, सगळं मिळून ४३,५००. आज नाव नोंदवलं तर ४०,०००, आणि हप्त्यांची सोय जागेवरच. कॅप कुठली घ्यायची यावर बोलणं झालं, कारण ते मीच काढलं. खोटी कानातली घातली की माझे कान चिघळतात, निकेल सोसत नाही. हे ऐकल्यावर तिथली डॉक्टर म्हणाली, "मग मॅडम, तुमच्यासाठी झिरकोनियाच. त्यात निकेल नसतं, आणि पंधरा वर्षांची वॉरंटी." एका कॅपचे १०,००० रुपये त्यासाठीच दिले.

कॅप या उपचाराबद्दल माझी तक्रार नाही. रूट कॅनालमध्ये दाढ आतून कोरून नस काढतात. किडलेला भागही गेलेला असतो, त्यामुळे उरलेल्या भिंती चावण्याच्या जोराने उभ्या चिरू शकतात. वरून कॅप बसली की त्या भिंती एकत्र बांधल्या जातात. पण कॅपला जागा हवी म्हणून दात घासून लहान करावा लागतो, वरून दीड ते दोन मिलिमीटर, बाजूंनी साधारण एक. वरचं कठीण आवरण एकदा गेलं की ते पुन्हा येत नाही. हे सगळं मला पुढे दीड वर्षाने कळलं. उपचाराच्या वेळी मी नुसती तोंड उघडून पडले होते आणि घासल्याचा पांढरा भुगा पाण्याबरोबर नळीतून जात होता. दाढ खरंच नसेपर्यंत किडली होती की नाही, याचा एकमेव साक्षीदार ती दाढच होती.

उपचाराआधीचे एक्स-रे त्यांनी काढले होते. ते त्यांच्या कॉम्प्युटरवर राहिले. मी मागितले नाहीत.

कॅप बसवली त्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ तिथेच झाला. लॅबकडून कॅप येते ती छोट्या डबीत, प्लॅस्टरच्या साच्यावर बसवलेली. त्या दिवशी ती डबी उघडली गेली माझ्या डोक्याच्या मागे. डोळ्यांवर दिवा, तोंडात कापूस. डॉक्टरने कॅप बसवून बघितली, निळा कागद चावायला दिला, उंच लागते का विचारलं, दोनदा घासली, आणि मग सिमेंट लावून दाबली. मला हातातला आरसा मिळाला तो त्यानंतर. बाहेरून सुंदर दिसत होत्या. शेजारच्या दातांशी रंग इतका जुळला होता की घरी नवऱ्याला ओळखता येईना. सिमेंट लावायच्या आधी फक्त अर्धा मिनिट ती कॅप तळहातावर घेऊन उलटी केली असती, तर तिथेच कळलं असतं. धातूवरची पोर्सेलिन कॅप आतून करडी, धातूच्या वाटीसारखी असते. झिरकोनियाची आतूनही पांढरी. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. आणि एकदा चिकटली की एक्स-रेमध्येही दोन्ही पांढऱ्याफेकच दिसतात, म्हणजे तो मार्गही बंद.

जाताना एटीएमसारखं चकचकीत वॉरंटी कार्ड दिलं. माझं नाव, एक क्रमांक, पंधरा वर्षं. मी ते पासबुकाबरोबर कपाटात ठेवलं. सोनं ठेवावं तसं.

चार-पाच महिन्यांत कॅपभोवतीच्या हिरड्या लाल झाल्या, ब्रश लागला की रक्त. क्लिनिकमध्ये म्हणाले दात नीट घासत नाही तुम्ही, क्लीनिंग करून घ्या. त्याचे वेगळे १,२०० घेतले.

चकलीनंतर टवका कागदात गुंडाळून गेले. काउंटरवरच्या मुलीचा पहिला प्रश्न: "मॅडम, काही कडक खाल्लं होतं का?" म्हणजे पंधरा वर्षांची वॉरंटी चकलीपुढे संपली. मग आतलं काळं म्हणजे सिमेंट आहे, ते कालांतराने काळं पडतं, असं ऐकवलं. माझी कॅप बसवणारी डॉक्टर सोडून गेली होती. कार्डावर ज्या कंपनीचं नाव होतं तिच्याकडे क्रमांक दिला तेव्हा उत्तर आलं, की हा क्रमांक त्यांच्याकडे नोंदलेला आहे, पण दुसऱ्या शहरातल्या पेशंटच्या नावावर आणि वरच्या पुढच्या दातासाठी. मी फोन ठेवला आणि बराच वेळ ते कार्ड नुसतं हातात धरून बसले. पंधरा महिन्यांत एकदाही मला तो फोन करावासा वाटला नव्हता.

मग फास्ट लोकल पकडून सीएसएमटी. स्टेशनजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. केसपेपर, रांग, अर्धा दिवस गेला, पण तिथे कोणाला मला काही विकायचं नव्हतं. कॅप-कवळीच्या विभागातल्या मॅडमनी बघितलं आणि सांगितलं, नुसता टवका उडाला म्हणून फसवणूक म्हणता येत नाही. वरून पोर्सेलिनचा थर दिलेल्या झिरकोनियाचाही टवका उडतो, फक्त खाली पांढरंच असतं. इथे धातू आहे यात प्रश्न नाही. हिरडीचं कारण निकेल असू शकतं, किंवा कॅपची कड नीट न बसल्याने तिथे अन्न अडकत असेल. काढून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "आधीचा एक्स-रे?"

माझ्याकडे २०२० चा होता, अक्कलदाढ काढली तेव्हाचा, सगळ्या तोंडाचा. त्यात गोल केलेल्या तीनपैकी दोन दाढांत नसेच्या आसपास काहीच नव्हतं. मॅडमनी तो उजेडासमोर धरला आणि खरं तेच सांगितलं, की दोन वर्षांत कीड खोल जाऊ शकते, यावरून काही सिद्ध होणार नाही. त्या दोन दाढांना साधं फिलिंग पुरलं असतं का, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. नवऱ्याच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच तसं म्हटलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पावती बघून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. त्यावर लिहिलं होतं: "दंत उपचार, ४०,०००". कुठला दात, कुठली कॅप, काही नाही. झिरकोनिया हा शब्द फक्त त्या खोट्या कार्डावर. तेच आमचं सगळ्यात भक्कम कागदपत्र ठरलं, हीसुद्धा गंमतच.

नोटीस गेल्यावर नऊ दिवसांनी क्लिनिकमधून फोन आला. २०,००० परत, आणि कुठेही तक्रार करणार नाही अशी सही. मुलाची बारावी तोंडावर होती. मी सही केली. नवऱ्याला ते आवडलं नाही, मलाही अजून आवडलेलं नाही.

तिन्ही कॅप कापून काढाव्या लागल्या. तिन्ही धातूच्या. त्या आता कुंकवाच्या रिकाम्या डबीत आहेत. नव्या बसवताना मी सिमेंटच्या आधी हात पुढे केला. डॉक्टरांनी काही न विचारता कॅप तळहातावर ठेवली. उलटी केली, आत पांढरी होती, भातुकलीतल्या वाटीएवढी. पावतीवर दाताचा क्रमांक आणि कॅपचा प्रकार लिहून घेतला, एक्स-रे त्याच दिवशी मोबाइलवर मागवले, कार्डावरचा क्रमांक तिथे बसूनच फोन करून पडताळला. त्यांना राग आला नाही.

दोन ठिकाणच्या हिरड्या महिन्याभरात शांत झाल्या. तिसऱ्या दाढेला जुन्या कॅपची कड हिरडीच्या फार आत गेली होती. तिथे अजून ब्रश लागला की रक्त येतं.